जांभळाचा मोसम आणि मधुमेहाच्या गोळ्या

वटपौर्णिमेच्या वाणात आंबा, केळे, फणसाचे गरे आणि करवंदे यांच्या शेजारी जांभूळ ठेवण्याची रीत जुनी आहे. व्रत ज्येष्ठातले आणि जांभळाचा भरही ज्येष्ठातलाच. त्यामुळे वाणासाठी ते मुद्दाम शोधावे लागत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात या दिवसांत जांभूळ पश्चिमेकडून खाली उतरते. अकोले तालुक्यातील भंडारदरा, रतनवाडी, घाटघर आणि हरिश्चंद्रगडाचा परिसर हे त्याचे खरे माहेर. तेथील आदिवासी वाड्यांवरच्या बायाबापड्या पहाटे उठून फळे गोळा करतात, टोपलीत पाने अंथरून ती राजूर-अकोल्याच्या बाजारात आणतात, नाहीतर भंडारदऱ्याच्या वाटेवर द्रोण मांडून बसतात. पावसाच्या तोंडावर याच भागात काजवे पाहायला माणसांची रीघ लागते. हिरडा, बेहडा, सादडा, उंबर यांच्याबरोबर जांभळीच्या झाडांवरही ते काजवे लुकलुकतात. रात्री काजवे आणि सकाळी जांभळे, असे या झाडाचे दोन्ही मोसम एकाच पंधरवड्यात येतात.

जिल्ह्याच्या पूर्वेस, पाथर्डी, कर्जत, जामखेडच्या कोरड्या मुलखात, जांभूळ विरळ दिसते. ओढ्याच्या किंवा जुन्या विहिरीच्या काठी एखादे. पाण्याची सोबत या झाडाला मानवते. मुळा नदी हरिश्चंद्रगडाच्या बाजूने निघून राहुरीकडे वाहत येते आणि राहुरी तालुक्यात जांभळी व जांभूळबन अशा नावांची गावे आहेत. नावांवरूनच तेथील जुन्या झाडोऱ्याची कल्पना यावी.

या स्तंभासाठी जांभूळ निवडण्याचे कारण मात्र निराळे आहे. दर वर्षी मृगाच्या सुमारास वृद्ध माणसे असलेल्या पुष्कळ घरांत एक घटना न चुकता घडते. वर्षानुवर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणारे आजोबा एके सकाळी गोळ्यांची डबी बाजूला सारतात आणि सांगतात, “आता महिनाभर जांभूळ आहे, गोळ्या कशाला?” कोणी बिया उन्हात वाळवून, कुटून, चाळून त्यांची भुकटी बरणीत भरते आणि सकाळी अनशापोटी चमचाभर घेऊ लागते. कोणी गोळ्याही घेते आणि भुकटीही घेते, पण डॉक्टरांना त्यातले काही सांगत नाही. या तिन्ही प्रकारांत धोका आहे. घरात काळजी घेणारे जे कोणी असेल, त्या सून, मुलगा, मुलगी किंवा मदतनीस यांनी तो नीट समजून घ्यावा.

आधी झाडाची ओळख. जांभूळ हा भारतीय उपखंड आणि आग्नेय आशियातील मूळचा वृक्ष. पेरू, लवंग आणि निलगिरी हे त्याचे कुळबंधू. जांभळीचे कोवळे पान चुरगाळून हुंगले तर ही सोयरीक नाकालाच पटते. मार्च-एप्रिलमध्ये बारीक पांढरट फुलांचे झुबके येतात, त्यांवर मधमाश्यांची झुंबड उडते, आणि मेच्या अखेरीपासून फळ हिरवे, गुलाबी, मग काळे-जांभळे होत जाते. आपल्या पूजेतील संकल्पात ज्या जंबुद्वीपाचा उच्चार होतो, त्याचे नाव याच वृक्षावरून आले असे परंपरा सांगते. आयुर्वेदात आंबा, जांभूळ, कवठ, महाळुंग आणि बेल यांच्या पानांना मिळून पंचपल्लव म्हणतात. फळ, बी, साल, पान असे या झाडाचे जवळजवळ सर्वच औषधात वापरले गेले आहे.

फळाच्या गुणांविषयी आयुर्वेदाचे म्हणणे थोडक्यात असे: ते तुरट, गोड व किंचित आंबट, थंड, रुक्ष, मळ बांधणारे आणि वात वाढवणारे आहे. यातील शेवटचे दोन गुण वृद्धांनी विशेष ध्यानात ठेवावेत. ज्यांना मुळात शौचास साफ होत नाही, पोट फुगते, त्यांनी जांभळांचा द्रोण एका बैठकीत संपवला तर दुसऱ्या दिवशी त्रास ठरलेला. जुन्या बायका जांभळांवर मीठ भुरभुरून, जेवणानंतर, मोजकीच खायला देत. अनशापोटी खाऊ नयेत आणि त्यांवर लगेच दूध पिऊ नये, असे त्या बजावत. मिठाचे मात्र आज जपून. रक्तदाब किंवा हृदयाच्या विकारासाठी ज्यांना मीठ कमी करण्यास सांगितले आहे, त्यांनी जांभूळ नुसतेच खावे. चांगले पिकलेले असेल तर मिठावाचून काही अडत नाही. पोटात गेलेला केस जांभळाने विरघळतो, ही समजूत तेवढी सोडून द्यावी. तिला आधार नाही.

आता साखरेकडे वळू. जांभूळ मधुमेह्यांनी चालेल तेवढे खावे, त्यात साखर नसते, असा एक समज पसरलेला आहे. तो खरा नाही. जांभळाच्या शंभर ग्रॅम गरात सुमारे बारा ते चौदा ग्रॅम कर्बोदके असतात. आंब्याच्या तेवढ्याच गरात ती सुमारे पंधरा ग्रॅम असतात. म्हणजे वजनाला वजन धरले तर दोहोंत फार अंतर नाही. अंतर पडते ते दोन कारणांनी. जांभळातील साखर रक्तात तुलनेने सावकाश चढते, हे एक. आणि दुसरे असे की तुरटपणामुळे माणूस आपोआप थांबतो. आमरसाच्या वाट्यांवर वाट्या रिचवणारा मनुष्य जांभळांचे तसे करू शकत नाही. म्हणून मधुमेह असलेल्या वृद्धांसाठी जांभूळ हे चांगले फळ आहे, पण ते फळच आहे. दहा-बारा मोठी जांभळे, म्हणजे शंभर ग्रॅमच्या आसपास गर, हा दिवसाचा वाटा समजावा आणि त्या दिवशी दुसरे फळ तेवढे कमी करावे.

येथे एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. जूनमध्ये पुष्कळांची साखर खरोखरच थोडी उतरते आणि त्याचे श्रेय जांभळाला मिळते. पण त्याच सुमारास घरातला आंबा संपलेला असतो, लग्नसराईची पक्वान्ने थांबलेली असतात, उन्हाचा ताप ओसरून फिरणे पुन्हा सुरू झालेले असते. एवढी मंडळी कामाला लागली असताना सगळे कौतुक एकट्या जांभळाच्या पदरात टाकणे जरा घाईचे होईल.

बियांचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण तेथे परंपरा बरीच भक्कम आहे. जांभळाच्या बियांचे चूर्ण प्रमेहात देण्याची रीत जुनी आहे आणि त्याची मात्रा साधारण तीन ते सहा ग्रॅम मानली जाते. आधुनिक संशोधनही या बियांकडे वळले. उंदरांवरील प्रयोगांत बियांच्या अर्काने साखर उतरलेली दिसली. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणाऱ्या विकरांना हा अर्क अडवतो, असेही परीक्षानळीत आढळले. पण परीक्षानळी वेगळी, उंदीर वेगळा आणि तीन औषधे घेणारा पंचाहत्तरीचा माणूस वेगळा. माणसांवरील प्रयोग थोडे आणि लहान आहेत, आणि त्यांतून गोळी थांबवावी असे सिद्ध झालेले नाही. पानांची कथा तर बोधप्रदच आहे. ब्राझीलमध्ये जांभळीचे झाड आपल्याकडूनच गेले आणि तेथे तिच्या पानांचा चहा मधुमेहावर घरोघर पितात. तेथील पोर्तो अलेग्रे शहरातील संशोधकांनी हा चहा रुग्णांना देऊन पाहिला आणि त्याची तुलना ग्लिबेन्क्लामाइड या गोळीशी केली. गोळीने साखर उतरली. चहाने उतरली नाही.

याचा अर्थ बियांचे चूर्ण निरुपयोगी आहे असा नाही. ते तपासलेल्या गोळीच्या जागी बसवता येत नाही, इतकाच आहे. शिवाय गोळी बंद केल्यावर साखर लगेच दुसऱ्या दिवशी बोंब मारत नाही. दोन-तीन आठवडे सगळे ठीक वाटते, भुकटीवर विश्वास बसतो, आणि मग तहान, रात्री वारंवार लघवीला उठणे, अंधारात उठताना पडणे, पायाची न भरणारी जखम अशा आडवाटेने ती प्रकट होते. मागील तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, जिला एचबीएवनसी म्हणतात, ती केल्याशिवाय कोणत्याही उपायाचा निवाडा होत नाही. जांभळाचा मोसम पाच-सहा आठवड्यांचा, आणि निवाड्याला लागतात तीन महिने!

याच्या उलट दिशेचा धोका अधिक झपाट्याचा आहे. गोळीही चालू, चूर्णही चालू आणि जांभूळ खाल्ले म्हणून रात्रीचे जेवण निम्मे, असे झाले की साखर फार उतरू शकते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेन्क्लामाइड या गटातील गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांत हे विशेष घडते. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत सहसा घडत नाही. तरुण माणसाला साखर उतरल्याचे घाम, थरथर, धडधड यांवरून कळते. वृद्धांत ही लक्षणे पुसट होतात आणि त्याऐवजी माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, गुंगतो, तोल जाऊन पडतो. घरचे म्हणतात, वयामुळे होते. अशा वेळी वयाला दोष देण्याआधी साखर मोजावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा मोजण्याचे यंत्र घरात नसेल आणि संशय असेल, तर शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी, अजून कमी असेल तर पुन्हा द्यावी आणि मग पोळी, भात असे काही खायला घालावे. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असलेली गोळी चालू असेल तर साधी साखर सावकाश लागू पडते. अशांसाठी ग्लुकोजची भुकटी घरात हवीच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे. या गोळ्यांचा अंमल दीर्घ असतो, मूत्रपिंड अशक्त असेल तर आणखी लांबतो. म्हणून एकदा साखर वर आली की काम झाले असे न मानता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

डॉक्टरांना कळवण्यावरून शाहीर विठ्ठल उमप यांनी गाजवलेले ‘जांभूळ आख्यान’ आठवते. द्रौपदी आणि कर्ण यांच्याविषयीच्या त्या लोककथेत तोडलेले जांभूळ पुन्हा झाडाला चिकटवायचे, तर प्रत्येकाला आपल्या मनातले खरे बोलावे लागते; काही दडवले की फळ अडून बसते. दवाखान्यातही बहुधा असेच असते. “आणखी काही घेता का?” या प्रश्नाला आपण “नाही हो” म्हणतो आणि घरी बरणी असते. चूर्ण घ्यायचेच असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने घ्यावे, आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना मात्रेसकट सांगावे आणि पहिले काही आठवडे साखर एरवीपेक्षा अधिक वेळा मोजावी. बरणी सोबत नेली तर उत्तमच. नीट न वाळलेल्या बियांच्या भुकटीला बुरशी लवकर येते आणि वृद्धांच्या डोळ्यांना ती दिसत नाही.

विकतच्या ‘मधुमेहनाशक’ भुकट्यांविषयी अधिक सावध असावे. वनौषधी म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मिश्रणांत गुपचूप मिसळलेली आधुनिक गोळी सापडल्याची उदाहरणे देशोदेशी नोंदली गेली आहेत. एखाद्या भुकटीने चार दिवसांत चमत्कार केला तर आनंदण्याआधी शंका घ्यावी. बाटलीबंद जांभूळ सरबताची गोष्ट वेगळी. तेथे गुपित काही नसते, साखर उघड उघड वेष्टनावर छापलेली असते. फक्त चष्मा लावून वाचावी लागते. जांभळाचे चित्र आणि जांभळा रंग पाहून मधुमेही माणसाला पेलाभर सरबत कौतुकाने दिले जाते, आणि त्यात फळापेक्षा साखरच अधिक असते.

खाऊ घालण्याच्या काही गोष्टी काळजी घेणाऱ्यांसाठी. विस्मरणाचा आजार, पक्षाघात किंवा गिळण्याचा त्रास असलेल्या माणसाच्या हाती अखंड जांभूळ देऊ नये. बी घशात अडकते. गर सोडवून, कुस्करून, चमच्याने द्यावा. कवळी असेल तर खाल्ल्यावर ती काढून धुवावी, नाहीतर डाग राहतो. लोहाची गोळी आणि जांभळे एका वेळी नकोत, कारण तुरट द्रव्ये लोहाला आतड्यात शोषू देत नाहीत. आणखी एक सांगायला हवे. गडद रंगाच्या फळांनी मळ काळसर दिसू शकतो. पण मळ डांबरासारखा काळा, चिकट आणि फार दुर्गंधीचा असेल, विशेषतः ॲस्पिरिन, रक्त पातळ करणारी औषधे किंवा वेदनाशामके चालू असताना, तर तो जांभळावर ढकलून स्वस्थ बसू नये. पोटातील रक्तस्राव तसाच दिसतो.

सालीचा उपयोग मात्र निर्धोक आणि सोपा आहे. जांभळीची साल पाण्यात उकळून, गाळून, कोमट झाल्यावर गुळण्या केल्या तर सुजलेल्या हिरड्यांना आणि तोंड आल्यास बरे वाटते. तुरटपणाचेच हे काम. गुळणी थुंकायची असते, प्यायची नसते. साल मोठ्या झाडाची थोडीच काढावी. सर्व बाजूंनी सोलले की झाड मरते, आणि औषधी म्हणून ख्याती झालेल्या झाडांच्या नशिबी हे पुष्कळदा येते.

जांभळीचे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून विहिरींच्या बांधकामात ते वापरले जाई. या खऱ्या गोष्टीवर हल्ली मोबाइलवरून एक खोटी गोष्ट स्वार झाली आहे: टाकीत जांभळीचा ओंडका टाकला की पाणी शुद्ध होते आणि टाकी धुवावी लागत नाही. लाकूड टिकते याचा अर्थ पाण्यातले जंतू मरतात असा होत नाही. पावसाळ्यात वृद्धांना जुलाब लागले तर शरीरातले पाणी फार लवकर आटते. टाकी धुवावी, प्यायचे पाणी उकळावे.

तेच लाकूड झाडावर असताना मात्र दगा देते. जांभळीच्या फांद्या ठिसूळ. आंब्याच्या फांदीसारख्या वाकून इशारा देत नाहीत, कडाडून मोडतात. नातवंडे सुट्टीला आलेली असतात, त्यांना ही गोष्ट सांगायला घरातील वडीलधाऱ्यांइतके योग्य कोणी नाही. आणि स्वतः वडीलधाऱ्यांनी सकाळच्या फेरीत जांभळीखालून जाणे टाळावे. पडलेल्या फळांचा चिखल शेवाळासारखा निसरडा असतो आणि या वयात खुब्याचे हाड मोडणे कोणत्याही मधुमेहापेक्षा लवकर माणसाला अंथरुणाला खिळवते.

ज्यांच्याकडे परसात किंवा शेताच्या बांधावर जागा आहे, त्यांनी एखादे झाड अवश्य लावावे. पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळाला अलीकडे भौगोलिक मानांकन मिळाले आणि ‘कोकण बहाडोली’ या मोठ्या फळांच्या जातीची कलमेही मिळतात. नगरच्या कोरडवाहू भागातही काही शेतकरी आता जांभळाकडे वळले आहेत. झाड काटक असते, एकदा रुजले की पाण्याची फार आर्जवे करीत नाही. अडचण येते ती तोडणीची आणि विक्रीची, कारण पिकलेले फळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. कलमाला चार-पाच वर्षांत फळ धरते, बियांपासून केलेल्या झाडाला आठ-दहा वर्षे लागतात. बी लावायचेच असेल तर वाळवून पुढच्या वर्षासाठी ठेवू नये; जांभळाच्या बियांची रुजण्याची शक्ती काही आठवड्यांतच संपते. खाल्लेल्या फळाचे बी धुऊन त्याच आठवड्यात, पहिला पाऊस झालेल्या मातीत, बोटभर खोल पुरावे. एका बीतून कधी दोन-तीन रोपे वर येतात. त्यांतले जोमदार ठेवावे, बाकीची शेजाऱ्यांना द्यावीत, आणि पहिली दोन वर्षे शेळ्यांपासून राखावे.